लॅपटॉपमध्ये ठेवलेला आवाज

मागच्या आठवड्यात शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून विचारलं, "काका, मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घेऊ?" आणि मी त्यांच्या अंगावर खेकसलो. म्हटलं, "कुठलाही घ्या. सगळे सारखेच मुके असतात." ते बिचारे चपापून घरात गेले. त्यांना काय कल्पना? एरवी असा प्रश्न कुणी विचारला की मी चहाचा कप हातात घेऊन तासभर बोलायचो.

आमच्या आळीत कॉम्प्युटरचा वैद्य मीच. कचेरीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे कारकून लांबून बघत होते, मी मात्र जेवणाच्या सुट्टीतही तिथून हललो नाही. निवृत्त झाल्यावर मला धरबंदच राहिला नाही. आळीच्या ग्रुपवर रोज सकाळी माझी एक सूचना पडायची. रत्नागिरीत लॅपटॉप व्हायरसने मरत नाही, खाऱ्या हवेने मरतो. स्क्रू गंजतात, चार्जरच्या पिनेवर हिरवट थर चढतो. पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतली ओल सुकते. बुटाच्या खोक्यात त्या दाणेदार पुड्या येतात त्या फेकू नका, लॅपटॉपच्या बॅगेत टाका. आणि कृपा करून पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू नका. लोक उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र टाकायचे आणि पासवर्ड कॅलेंडरवरच लिहायचे.

बायको लॅपटॉपला माझी दुसरी म्हणायची. "तिला ऊन लागतंय, तिला ओल लागतेय. माझी कंबर धरलीय ती दिसत नाय." असं म्हणून मोठ्यांदा हसायची. ते हसणं आळीच्या टोकाला ऐकू जायचं. ती मालगुंडच्या बाजूची, ऐन किनाऱ्यावरच्या घरातली. वडिलांची होडी होती. त्या घरात वाऱ्याच्या आणि लाटांच्या वर आवाज काढल्याशिवाय वाटीभर आमटीसुद्धा मिळायची नाही, असं तीच सांगायची. लग्न होऊन शहरात आली तरी तिचा आवाज काही खाली आला नाही. मी पुढच्या खोलीत मशीनपुढे बसलेलो असलो की मागच्या दारातून हाक यायची, "ओ, ऐकताव काय? पेज निवली!" त्यात शेवटचा शब्द आधी वर चढायचा आणि मग सावकाश खाली यायचा. आमच्याकडचंच वळण ते, पण तिच्या तोंडात ते जास्तच गोड होतं. मला ते गोड वाटायचं हे मी तिला कधी बोललो नाही. नवऱ्यांना बोलायचं सुचत नाही, त्यात नवल काही नाही.

मग एक दिवस मासळी बाजारात तिच्या तोंडून 'बांगडे' हा शब्द नीट निघेना. तिची नेहमीची मासळीवाली हसली. "काय ओ वयनी, तोंडात पान धरलाव काय?" तीही हसली.  पुढे जीभ जास्तच अडखळायला लागली. रत्नागिरीचे डॉक्टर झाले, मग मुंबईला नेलं. तिथे सांगितलं की हा नसांचा आजार आहे, यातून मागे येत नाही, आणि तिच्या बाबतीत बोलणं सगळ्यात आधी जाईल. डॉक्टर इतक्या शांतपणे बोलले की मला त्यांचा राग आला. ती मात्र मान डोलावत होती, कुणी बसचं वेळापत्रक सांगावं तशी.

बाहेरच्या खोलीत एक तरुण मुलगी बसली होती, वाणीवर उपचार करणारी. तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, आवाज आहे तोवर तो साठवून ठेवा. हल्ली असे प्रोग्रॅम निघालेत. पेशंटने पुष्कळ वाक्यं वाचून द्यायची. मशीन आवाज शिकून घेतं. पुढे बोलता आलं नाही तरी पेशंटने टाइप करायचं आणि मशीनने त्याच आवाजात बोलायचं. मराठीसाठीही चालतं.

मला अंधारात खिडकी दिसली. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. बायकोचा जीव माझ्या हातात नव्हता, पण तिचा आवाज होता. कॉम्प्युटर म्हणजे माझा प्रांत. इतकी वर्षं जे शिकलो ते यासाठीच शिकलो असं वाटलं.

नवा लॅपटॉप घेतला. जुन्याच्या पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, म्हणून बिनआवाजाचा घेतला. वेगळा माइक मागवला. कुठल्याशा परदेशी माणसाच्या व्हिडिओत युक्ती सापडली की स्टुडिओ लागत नाही, भिंतींना गाद्या लावल्या की आवाज घुमत नाही. आमची तांदूळ-कडधान्याची आतली खोली त्यासाठी उत्तम. गाद्या उभ्या केल्या, रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद केला, शेजाऱ्यांना मिक्सर लावू नका म्हणून सांगून आलो. खोटं कशाला बोलू, खोका उघडताना मला आनंद झाला होता. नव्या मशीनचा तो वास आला आणि वाटलं, जमणार.

पहिल्या दिवशी ती आत आली ती केस विंचरून, पावडर लावून, इस्त्रीची साडी नेसून.

"अगो, फोटो नाय काढायचा. आवाज घ्यायचाय नुसता."

"असू दे," ती म्हणाली. तेव्हा शब्द थोडे जड येत होते, पण कळत होते. "लोकांत जायचाय ना आवाज माझा? मग अवतारात कसा पाठवू?"

ती माइकपुढे बसली. पडद्यावर वाक्य आलं, शेजारी रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला. तिने पदर सारखा केला, मान ताठ केली आणि वाचलं, "कृपया, पाणी, आणा."

मी बघतच राहिलो. हा आवाज कुणाचा? मराठी शाळेत बाईंनी उभं करून धडा वाचायला सांगितला की मुली वाचतात ना, तसा तो होता. शब्द सुटे सुटे, प्रत्येक 'ण' ठसठशीत, शेवट सपाट. वाऱ्यावरून येणारी ती हाक त्यात कुठेच नव्हती. मी थांबवलं. ठिपका गेला. लगेच ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काय ओ, चुकला काय माझा?" आणि हा तिचा आवाज होता. चढउतारासकट सगळा.

"असंच बोल. नेहमीसारखं."

"येडे काय? मशीनसमोर असा कोन बोलतो?"

आमच्याकडे हे असं आहे. घरात एक भाषा आणि चारचौघांत दुसरी. ग्रामसभेत उठलेला माणूस, लग्नात माइक हातात आलेला मामा, बँकेत साहेबासमोर बसलेली बाई, सगळे एकदम पुस्तकासारखे बोलायला लागतात. त्यात ढोंग नसतं. पाहुण्यांसमोर चांगल्या कपबश्या काढाव्यात, तसं असतं ते. आणि तिच्या मनात हिशेब पक्का होता. हा आवाज उद्या पुण्याच्या सुनेशी बोलणार, डॉक्टरांशी बोलणार, नर्सशी बोलणार. "आपला घरातला बोलना घरात," ती म्हणाली. "ता काय भरून ठेवायची वस्तू हाय?"

मी समजावलं, चिडलो, विनवलं. ती ऐकेना. मग मी चोरून प्रयत्न केला. ठिपक्याची खिडकी पडद्यावरून दडवली आणि तिला उगाच बाजारहाटाचं विचारत बसलो. पण माइकवरही बारीक दिवा होता. तो तिने बरोबर हेरला. तोंडाला पदर लावून हसत बसली. मुंबईच्या त्या वाणी-उपचारवाल्या मुलीने बजावलं होतं की ठरलेली वाक्यं स्वच्छ उच्चारात पूर्ण होणं महत्त्वाचं, आणि जीभ तर दिवसागणिक जड होत होती. आधी काम पुरं करू, मग बघू, असं झालं. रोज थोडी वाक्यं. ठिपका लागला की धडा वाचणारी मुलगी, ठिपका गेला की माझी बायको. "झाला? चला, माझा भात राहिलाय." हे सगळं ठिपका गेल्यावरचं. यातलं एक अक्षर मशीनला मिळालं नाही.

वाक्यं पूर्ण झाली आणि पुढे थोड्याच दिवसांत तिचं बोलणं कुणालाच कळेनासं झालं. आपण वेळेत पोचलो, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो.

आवाज तयार होऊन आला. मुलाने पुण्याहून फोनवर ऐकला. "बाबा, एकदम क्लिअर आहे. आईच आहे." मला बरं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिला मात्र पहिल्यांदा बोलायचं होतं ते धाकट्या बहिणीशी. ही बहीण मालगुंडलाच दिलेली. दोघींचं फोनवर बोलणं म्हणजे शेजाऱ्यांनाही पाठ. आजार वाढल्यापासून ते बंद पडलं होतं. मी लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला, फोन स्पीकरवर लावला. तिने एकेक अक्षर शोधत टाइप केलं. तिथेही शुद्धच. लिहायचं म्हणजे शुद्ध. मशीन म्हणालं, "मी ठीक आहे. तू कशी आहेस? घरी सर्व बरे आहेत ना?"

 पलीकडून बहिणीचा आवाज आला, अगदी अदबीने, परक्याशी बोलावं तसा. "कोन बोलताय ओ बाय? जरा माझ्या तायकडे फोन द्या ना."

मी फोन उचलून समजावलं. हा तिचाच आवाज आहे, मशीनने केलेला आहे. मेव्हणी रडायला लागली. "ही ताय नाय ओ भावोजी. ही कोन शिकलेली बाय हाय." स्पीकर चालू होता. बायकोने सगळं ऐकलं. तिने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि तो माझ्याकडे सरकवला. रागाने नाही. पाहुणे गेल्यावर कपबश्या परत कपाटात ठेवाव्यात तसा. त्यानंतर तिने त्याला हात लावलेला नाही.

मी वेड्यासारखा जुने व्हिडिओ उपसत बसलो. कुठेतरी तिचं मोकळं बोलणं असेल, मशीनला पुन्हा शिकवता येईल. मुलाच्या लग्नात ती कॅमेऱ्याला शुद्ध आशीर्वाद देतेय. गणपतीत टाळ आणि आरती. मग आठवलं की आळीच्या ग्रुपसाठी मी कीबोर्ड साफ कसा करावा, बॅटरी कशी जपावी, असे छोटे व्हिडिओ केले होते. तेव्हा ती मागून ओरडत असायची, कुकर बंद करा, गॅसवाला आलाय. ते पुष्कळ होते. एकेक लावून बघितले. सगळ्यांत माझाच आवाज, लख्ख. एका व्हिडिओत मी मध्येच मान वळवून म्हणतो, "आलो, आलो!" पण कुणाला म्हणतो ते ऐकू येत नाही. ते ॲप पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप काढून टाकायचं. तेव्हा मला ती सोय इतकी आवडली होती की मी ती ग्रुपवरही सुचवली होती. मूळ व्हिडिओ फोनमधली जागा भरते म्हणून मीच पुसून टाकलेले. मशीनला जो गोंगाट वाटला ती माझी बायको होती. ते आता कुठल्याही प्रोग्रॅमने परत येत नाही. शक्य ते सगळं मी करून बघितलं आहे आणि हात टेकले आहेत.

मेव्हणी अजून रोज दुपारी फोन करते. मी फोन बायकोच्या कानाशी धरतो. मेव्हणी एकटीच बोलते. मासळी काय आली, कुणाची सून भांडली, कोण मुंबईहून आलं. बायको ऐकते. हसू आलं की तिचा श्वास नाकातून तुटक तुटक येतो, घशात बारीक शिट्टी वाजते. ते ऐकलं की मेव्हणी लगेच म्हणते, "हसलीस ना गो? कळला मला. हसलीस." इतकंच तिला तिकडे पोचतं आणि ती त्यावर पुढचा दिवस काढते. मी फोन धरून बसतो आणि मला भीती वाटते. दुसरं काही वाटत नाही.

परवा डॉक्टरांनी बायकोला श्वासाचं मशीन लावायला सांगितलं. चेहऱ्यावर मुखवटा बसवायचा, मशीन हवा आत ढकलत राहतं. आधी थोडा वेळ, मग बराच वेळ. मी त्याची सगळी माहिती वाचून काढली. चांगलं मशीन आहे, वापरायला सोपं आहे. पण त्याला सतत एका लयीचा आवाज आहे, आणि तो बंद करण्याची काही सोय नाही. ते लावलं की फोनवर पलीकडे तेवढाच ऐकू जाईल. मेव्हणीला हे अजून सांगितलेलं नाही.