बांधून ठेवलेला मजकूर

"आधी वाचून दाखवू, मग छापू."

एवढं म्हणून अक्का प्रूफाची घडी घालून पिशवीत टाकत, चपला पायात सरकवत आणि मी काही बोलायच्या आत धुळ्याच्या बसस्टँडकडे चालू लागत. मागे उरायचो मी, माझा कंपोझिटर आणि थांबवून ठेवलेलं मशीन. तुमच्यापैकी कुणी छापखाना चालवला असेल, तर असं गिऱ्हाईक नशिबी येणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको.

अक्का एक मासिक काढत. मासिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत कव्हर येईल. तसलं काही नव्हतं. पातळ अंक, खरखरीत कागद आणि आत जंगलजमिनी, निंदणीची मजुरी, आटत चाललेले नाले, केळीवर मारायची औषधं असले विषय. त्याला मालक नव्हता, पक्ष नव्हता, जाहिरात तर औषधालाही नव्हती. वर्गणीदार म्हणजे शाळामास्तर, एसटीचे कंडक्टर, पिंपळनेरकडचे काही कार्यकर्ते आणि अक्कांच्या माहेरचे, म्हणजे सावद्याचे, काही केळीवाले. नफा कशाशी खातात ते त्या मासिकाला ठाऊक नव्हतं आणि अक्कांना ते ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

अक्का आधी शाळेत शिकवत. नोकरी का सोडली, असं मी एकदा विचारलं. "तिथे घंटा झाली की बोलणं थांबवावं लागायचं," म्हणाल्या. मी हसलो, त्या हसल्या नाहीत.

माझा छापखाना चालायचा लग्नपत्रिकांवर. खिळे हातानं जुळवायचे दिवस होते ते; ऑफसेट आमच्या गल्लीत अजून शिरलं नव्हतं. एक एक अक्षर खणातून उचलायचं, ओळ लावायची, पान बांधायचं. एवढं करून प्रूफ काढावं आणि अक्कांनी ते एसटीत घालून गावोगाव हिंडवावं. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना ते समोर बसून ऐकवायचं, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय छापायचं नाही, हा त्यांचा नेम. असा नेम मी दुसऱ्या कुठल्या संपादकाचा पाहिला नाही, आणि देवाची कृपा म्हणून पाहिला नाही, असं तेव्हा मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे.

सोनगीरच्या मजूरबायांवर त्यांनी स्वतः लिहिलं होतं. मजुरी कापली तेव्हा बायांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं एक वाक्य होतं, आणि ते अक्कांना फार आवडलेलं होतं. ओट्यावर बसून वाचून दाखवलं, तर एक म्हातारी मध्येच म्हणाली, "आम्ही रडनूत नही. आम्ही काम बंद करं." अक्का परत आल्या त्या खुशीत. ते वाक्य काढा म्हणाल्या, आणि काम बंद केल्याचं वर घ्या. पान पुन्हा बांधताना कंपोझिटर पुटपुटत होता. मी अक्कांना म्हटलं, तुमच्या मासिकाला संपादक फार झालेत. "म्हणूनच ते बरं निघतं," म्हणाल्या आणि चहा सांगा म्हणाल्या.

आता ज्या मजकुरासाठी हे सगळं सांगत बसलोय, त्याच्याकडे येतो.

साक्रीकडच्या एका गावात नाल्याच्या काठी कारखाना आला. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अक्कांच्या नेमानं हे तिथे जाऊन वाचून दाखवावं लागेल, आणि ते काम मी वाढवू इच्छित नाही. कारखान्याचं पाणी नाल्यात, नाल्याचं विहिरींत. पहिली विहीर बिघडली ती एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. गाव त्यांना आबा म्हणे. अक्का त्यांच्याकडे कितीतरी वेळा गेल्या, पोहरा ओढून पिवळं पाणी पाहिलं, आबांचं सगळं ऐकलं आणि मग लिहिलं. अंकाचा निम्मा भाग तोच होता. मी खिळे जुळवले, प्रूफ काढलं, अक्का ते घेऊन गेल्या.

संध्याकाळी आल्या त्या बाकावर बसून राहिल्या. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. मग म्हणाले होते, "बठ्ठं खरं शे. पन छापू नका." त्यांच्या मुलाला आठवड्यापूर्वी त्याच कारखान्यात कामाला घेतलं होतं.

मी भडकलो. खरं आहे ना, मग छापा, म्हटलं. नाव बदला, गाव बदला. नाल्याकडेची विहीर म्हटलं की कुणाची ते शेंबडं पोरही सांगेल, असं त्या म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. मग मी विचारलं, मजकूर सोडू का? म्हणजे खिळे सुटे करून परत खणांत टाकू का.

"सोडू नका, भाऊ. सुतळीनं बांधून ठेवा. आबा हो म्हणतील."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर मी पुन्हा जाईन."

अंक निम्म्या पानांचा निघाला. मजकूर गॅलीवर, म्हणजे लोखंडी तबकावर, बांधून कोपऱ्यात ठेवला. आणि वर लग्नसराई आली. विहिरींच्या त्या मजकुरानं माझ्या खणांतले 'व' गिळले होते, आणि वधू, वर, वडील, विवाह यांच्याशिवाय पत्रिकेचं पान हलत नाही. मी शेजारच्या छापखान्यातून 'व' उसने आणले. ते जरा जाड निघाले, आणि त्या वर्षी धुळ्यातल्या बऱ्याच पत्रिकांत वधू-वर इतरांपेक्षा ठसठशीत दिसले. लोकांना ती नवी फॅशन वाटली. कंपोझिटर रोज त्या गॅलीकडे बघून उसासा टाके. पण सुतळीला हात लावायची माझी छाती झाली नाही. अक्कांची भीती वाटायची म्हणून नव्हे. त्यांनी 'आबा हो म्हणतील' हे ज्या स्वरात म्हटलं होतं, तो स्वर कानातून जात नव्हता.

दर महिन्याला त्या आबांकडे जात. मजकुराचा विषय काढत नसत. नवा अंक वाचून दाखवत, चहा घेत, मुलाची चौकशी करत आणि निघत. मला हा प्रकार कळेना. अहो, निदान विचारा तरी, असं मी म्हणायचो. आपण बसलो की ते आठवतंच, वर विचारायचं म्हणजे ओझं घालणं, असं त्यांचं उत्तर.

मग धुळ्यात कुजबुज सुरू झाली. अक्कांनी विहिरींवर लिहिलंय हे बऱ्याच जणांना माहीत होतं, आणि छापलं नाही हे सगळ्यांना दिसत होतं. कुणी म्हणे कारखान्यानं अक्कांचं तोंड बंद केलं. कुणी म्हणे शेवटच्या पानाची जाहिरात ठरलीय. दोघा जुन्या वर्गणीदारांनी अंक परत पाठवले. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचा मिंधेपणा पत्करला नाही, तिच्याबद्दल चहाच्या टपरीवर हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी म्हटलं, चार ओळींचा खुलासा द्या, मी फुकट छापतो.

"खुलासा म्हणजे आबांचं नाव सांगणं," त्या म्हणाल्या. "बोलू दे लोकांना. माझं नाव काय, पुन्हा धुऊन निघेल. त्या पोराची नोकरी गेली तर ती कोण आणून देणार?"

त्यांना लोकांचं बोलणं लागत नव्हतं असं नाही. फार लागत होतं.

पावसाळा संपता संपता त्यांना तापानं धरलं. उतरेना, तेव्हा जळगावला भावाकडे नेलं. जाताना प्रेसमध्ये आल्या आणि गॅलीकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, आहे, हात लावलेला नाही. आबांकडून काही कळलं तर स्वतः येऊन सांगा, कुणाजवळ निरोप नको, एवढं बजावून गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धोतर-टोपीतले एक म्हातारे दारात उभे. अक्का कोठे शे, असं विचारलं. मी सांगितलं तसे बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाजारात त्यांच्या कानांवर ती कुजबुज गेली होती, आणि घरी मुलाशी बोलूनच ते आले होते.

"अक्कानी मनासाठे लोकेस्ना बोल ऐकी लिधात," आबा म्हणाले. "मना पोर्‍याच म्हने, आते छापू द्या. नाव बी मनंच राहू द्या."

मी सुतळी सोडायला उठलो, तर म्हणाले, पहिले वाची दाखाडा. मी मशीन बंद केलं. कंपोझिटर हात पुसत येऊन उभा राहिला. प्रूफ हातात घेतलं आणि मला जमेल तसं वाचलं. अक्कांसारखं नाही जमलं. या पाण्याला ढोरं तोंड लावत नाहीत, या ओळीशी आबांनी हात वर केला. "आते आम्ही बी पेत नही. ते टाका." ती नवी ओळ मी स्वतः जुळवली. आबा ती लागेपर्यंत बसून राहिले.

अंक निघाला. कारखाना लेखानं बंद पडला वगैरे काही झालं नाही, तसं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. पुढे पाण्याची तपासणी झाली, गावाला दुसरीकडून पाणी मिळालं. मुलाला कामावरून कमी केलं. तो आता शेतीच बघतो. हे सगळं मागाहून. अंकाची शाई धड वाळायच्या आत मी पहिल्या प्रती घेऊन जळगावची गाडी पकडली.

भावाच्या दारात चपलांचा ढीग होता. अक्का आदल्या दिवशी पहाटे गेल्या होत्या.

मी ओट्यावरच बसलो. त्यांची भावजय पाणी घेऊन आली. धुळ्याचे प्रेसवाले का, असं तिनं विचारलं. तापातही वन्सं रोज एकच विचारायच्या म्हणाली, आबा हो म्हणाले का. घरच्यांना वाटे वडिलांची आठवण काढतायत. म्हणून त्यांच्या समाधानासाठी हे लोक सांगत, हो, म्हणाले.

"ऐकायच्या का त्या?" मी विचारलं.

"छे. तुम्ही विचारायला गेला होता का, म्हणायच्या. धुळ्याचा माणूस येऊन सांगेल तेव्हाच खरं."

मी आत गेलो. ज्या खाटेवर त्या होत्या ती भिंतीला उभी करून ठेवली होती, खाली दिवा लावला होता. घरातली माणसं बघत होती. मला कुणाचीच लाज वाटली नाही.

"अक्का," मी म्हणालो, "आबा हो म्हणाले. मी वाचून दाखवलं. नावासकट छापा म्हणाले."