जावयाची टॅक्सी

आता खरं सांगून टाकतो. नाताळच्या सुट्टीत नागपूरचे एक गृहस्थ चामराजपेटला माझ्या गेस्टहाऊसवर उतरले होते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला नोकरी करणाऱ्या मुलीला रजा नव्हती, म्हणून तिला जेवणाच्या सुट्टीत भेटायचा त्यांचा बेत होता. मी माझ्या जावयाची टॅक्सी लावून दिली, मेट्रोचं नावच काढलं नाही. रोज ते भांग पाडून, संत्राबर्फी घेऊन निघत. पोचेपर्यंत मुलीची सुट्टी संपलेली असे. मग बर्फी जावयाबरोबर ट्रॅफिकमध्येच संपवून परत येत.

शेवटच्या दिवशी मुलगीच मेट्रोनं तासाभरात येऊन भेटली. मी मान खाली घातली.

ते मात्र हसले. "अण्णा, जावई भला आहे जी तुमचा! पहिल्याच दिवशी म्हणाला, मेट्रोनं जा. मीच त्याला दटावलं, तुझा सासरा एवढा वडीलधारा माणूस, तो चुकीचं सांगेल का?"