लॅपटॉपची घुरघुर आणि कानवाले

वृद्धाश्रमात त्यांना सगळे कानवाले म्हणत. महिन्यातून दोनदा यायचे, समोरच्याच्या डोक्यावर हेडफोन चढवायचे आणि लॅपटॉपवरून बारीक बारीक आवाज ऐकवून कान तपासायचे. बावीस वर्षं हेच काम. कानांतलं त्यांना कळत होतंच, पण कॉम्प्युटरमधलंही आपल्याला कळतं असा त्यांचा एक गोड समज होता. ऑफिसात कोणी नुसतं "बॅटरी" म्हटलं की हे खुर्ची ओढून बसत. "रात्रभर चार्जिंगला लावायचा नाही. काम झालं की पूर्ण बंद. यंत्रालाही झोप लागते." लोक माना डोलवत आणि आपापले लॅपटॉप खुशाल रात्रभर लावून ठेवत. त्यांचे झकास चालत.

मग लॅपटॉपची नवी सिस्टीम आली. "अपग्रेड करायची घाई नको," असं ऑफिसने सगळ्यांना कळवलं होतं. ज्याला कळतं त्याने कशाला थांबायचं? कानवाल्यांनी त्याच दुपारी केलं. आधी पाच तास चालणारी बॅटरी दुसऱ्या दिवशी सव्वा तासात आडवी झाली.

पुढचे दोन आठवडे त्यांनी जे केलं ते आता आठवलं तरी त्यांचं त्यांनाच हसू येतं. स्क्रीन इतका अंधूक केला की अक्षर वाचायला डोळे बारीक करावे लागत. वायफाय बंद. लॅपटॉपखाली ओला टॉवेल. आणि रोज संध्याकाळी, लेकराला निजवावं तसा, तो न चुकता पूर्ण बंद करायचा.

"त्याचं काय चाललंय ते एकदा बघ तरी," बायको म्हणाली. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. चूक तिला लांबून दिसे.

"बॅटरी म्हातारी झालीय. नवी मागवतो," कानवाले म्हणाले. बघितलं मात्र नाही.

वृद्धाश्रमात त्यांची तपासणी चालायची चादरींच्या खोलीत. चहूबाजूंनी चादरी, उशा, रजया. बाहेरचा आवाज आत येत नसे. पण तिथे प्लग नव्हता, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. त्या सकाळी पहिल्या आजी हेडफोन घातल्या घातल्या म्हणाल्या, "घुरघुरल्यासारखं होतंय बाई कानात." कानवाल्यांनी लिहिलं : कानात आवाज येतो. दुसरे आले ते जहाजावरचे जुने स्वयंपाकी. त्यांनाही घुरघुर. तिसऱ्या आजींनाही. शिवाय तिघांनाही जाडे, खालचे सूर नीट ऐकू येत नव्हते. कानवाले मनातून हरखले. एकाच इमारतीत तिघे! कदाचित पाण्यात काही असेल. यावर आपण एक टिपण लिहावं, असं सुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं.

चौथ्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आजी म्हटलेलं त्यांना खपत नसे.

"घुरघुर ऐकू येते का?" कानवाल्यांनी स्वतःच विचारलं.

"येते ना."

"कुठल्या कानात?"

"कानात नाही हो." बाईंनी हेडफोन काढला आणि बोट दाखवलं. "तुमच्या या डब्यात."

कानवाल्यांनी मान वाकवली. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा फिरत होता आणि त्याच्या घुरघुरीत खालचे सूर बुडून जात होते. दोन आठवडे तो त्यांच्या पुढ्यात फिरत होता आणि ते दुसऱ्यांचे कान तपासत बसले होते.

"कोणी बोलत नाही आणि लाइन मात्र गुंतलेली, असं दिसलं की आम्ही समजायचो, आत कोणीतरी आहे," बाई म्हणाल्या. "आत कोण आहे, बघा."

बघायला सवडच मिळाली नाही. तेवढ्यात स्क्रीन काळा झाला.

घरी बायको शेजारी बसली आणि लॅपटॉपमध्ये काय काय चालू आहे त्याची यादी दोघांनी मिळून उघडली. सगळी ताकद एकटा फोटोंचा प्रोग्रॅम खात होता. नव्या सिस्टीमने लॅपटॉपमधले घरचे जुने एकतीस हजार फोटो पहिल्यापासून तपासायला घेतले होते आणि त्यातला एकेक चेहरा ती ओळखत बसली होती.

"दोन-तीन दिवसांचं काम दिसतंय. मग दोन आठवडे का चाललंय?" बायकोने विचारलं. मग तिनेच नवऱ्याकडे बघितलं. "तू रोज त्याला झोपवतोस."

झालं होतं ते असं. तो बिचारा दिवसभर चेहरे ओळखायचा, संध्याकाळी हे मायेने त्याचा गळा दाबायचे आणि सकाळी तो पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू. रोग काही नव्हता. वैद्यच रोग होता.

"ऑफिसात सांगणार आहेस?" बायकोने हसू दाबत विचारलं.

"सांगावंच लागेल. मी इतका शहाणपणा वाटलाय, थोडा परत घ्यायला हवा."

लॅपटॉप तीन दिवस चार्जिंगला लावून चालू ठेवला. चौथ्या दिवशी पंखा गप्प झाला आणि बॅटरी साडेचार तास टिकली. पण तिघांच्या कागदांवर घुरघुर तशीच होती. पुढची पाळी यायची वाट न बघता कानवाले वृद्धाश्रमात गेले, तिघांचीही माफी मागितली आणि पुन्हा तपासलं. दोन्ही आजींचे खालचे सूर ठणठणीत निघाले. एकीचा तर त्या घुरघुरीच्या काळजीने चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. ते ऐकून कानवाल्यांची मान जी खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही.

स्वयंपाक्यांचेही कान साफ निघाले. त्यांचं तोंड मात्र उतरलं.

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"नाही. चूक माझी होती."

म्हाताऱ्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "कागदावर दुरुस्त करा. पण खोलीतल्या माझ्या सोबत्याला सांगू नका. कानात घुरघुर आहे म्हटल्यापासून त्याने मला राजकारण समजावणं बंद केलंय."

कानवाल्यांनी कागद दुरुस्त केला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक निदान दुसऱ्या कोणालाही तोंडी सांगितलं नाही.