कालव्याकडेच्या ट्रॅकची मंजुरी

रोज सकाळी चार माणसं एकत्र चालायला लागली की पोटं कमी होतात असं म्हणतात. आमची काही झाली नाहीत. किस्से मात्र एवढे साठले की विचारू नका! त्यातले निम्मे तरी ट्रॅकचे.

साताऱ्याच्या अलीकडे आमची वसाहत. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अशा धावतात की चालणाऱ्यानं देवाचं नाव घेऊनच निघावं. म्हणून आमच्या ग्रुपनं ठरवलं, जुन्या कालव्याच्या कडेनं चालायला आणि सायकलला ट्रॅक करायचा, सरकारी निधीतून. पुढारी अर्थातच सुभेदारसाहेब. फौजेतून रिटायर झालेत, पण आवाज अजून ड्युटीवर आहे.

*

प्रस्तावाला ट्रॅकचं चित्र जोडायचं होतं. मी चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. काढायला बसलो तर ग्रुप भोवती गोळा! "सर, मला म्होरं घ्या." "माझी टोपी दिसंना झालीया." एकाला तर त्याची म्हैससुद्धा चित्रात हवी होती.

सरकारी ऑफिसातल्या मॅडमनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"छान आहे. पण यात ट्रॅक कुठाय?"

*

सुभेदारसाहेबांचे व्याही सांगलीचे. सांगली सपाट, त्यामुळे त्यांना फार अभिमान. चहा पिता पिता म्हणाले, "आवं, तुमच्या ह्या चढावर सायकल कोण चालवणार? खुळं का काय!"

सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, "चढताना ढकलत न्यायची, उतरताना बसून यायचं. वॉकिंग बी झालं, सायकलिंग बी झालं. एका निधीत दोन्ही!"

*

मग जागेच्या पाहणीला ऑफिसातले मोठे साहेब येणार असं कळलं. झालं! फौजेत साहेब येणार म्हटलं की काय करतात? आमच्यातले सगळे रिटायर जवान आदल्या दिवशी पहाटेच फावडी घेऊन हजर. काटेरी झुडपं तोडली, खड्डे बुजवले, दगडांना चुना आणि गेरू फासला. पाहणीच्या दिवशी तर पाणीही शिंपडलं. मीसुद्धा चुन्याची बादली धरून होतो, खोटं कशाला बोलू!

साहेब कालव्यावर चालून आले, खूश झाले. म्हणाले, "वा! एवढं चांगलं आहे, मग निधी कशाला पाहिजे?"

सुभेदारसाहेबांनी टाचा जुळवल्या.

"सर, उद्या परत या. सगळं पहिल्यासारखं घाण करून ठेवतो!"

*

तरीही निधी मंजूर झाला. अडलं ते तात्यांपाशी. मधला बांध त्यांच्या उसाला लागून. त्यांची संमती नसेल तर मार्चअखेरीला निधी परत जाणार.

तात्यांची दोन्ही पोरं फौजेत, लांब सरहद्दीवर. सुना-नातवंडं पुण्याला. हे मळ्यात एकटेच. आम्ही गेलो की चहा ठेवायचे, गूळ घालून. मग पोरांच्या गोष्टी, उसाच्या गोष्टी, आमच्या चित्रातल्या म्हशीची चौकशी! संमतीचं काढलं की म्हणायचे, "इचार करून सांगतो. उद्या या."

आम्ही रोज जायचो. चहा रोज, संमती उद्या!

शेवटच्या दिवशी माझा संयम सुटला. म्हणालो, "तात्या, आमच्या हिला हार्टचा त्रास झालाय. डॉक्टर म्हणतात रोज चाला. ट्रॉल्यांच्या भीतीनं ती फाटकाबाहेर पडत नाही. मला रात्री झोप लागत नाही हो!"

तात्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"आवं सर, मग ह्ये पयल्याच दिवशी सांगायचं न्हाई व्हय?"

तिथल्या तिथे सही केली. मला तर मिठीच मारावीशी वाटली. सुभेदारसाहेबांनी कडक सॅल्यूट ठोकला. आम्ही घाईघाईनं चपला घालायला लागलो, ऑफिस बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.

तात्या रिकामे कप गोळा करत होते. दारापर्यंत आले आणि म्हणाले,

"मग उद्यापासनं च्या एकट्याचाच ठिवू व्हय?"