बारा नंबरचा बनियन

सहदेव घाडीकडे कबड्डीच्या चव्वेचाळीस वस्तू होत्या आणि त्यांतली एकही त्याने जिंकलेली नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा संघातले एकेक जण गावाला निघाले. भांडी बांधली, देव बांधले, आणि ढाली, शिट्ट्या, गुडघ्याच्या कॅप चाळीच्या दारात ठेवून गेले. सहदेव त्या उचलून घाटकोपरला घरी आणायचा. पुढे कुणी वारलं की त्याची बायको फोन करायची, "भावोजी, तुमचं ते सामान निघालंय, नेताय ना?" त्या 'तुमचं'वर सहदेवचे पुढचे सहा महिने बरे जायचे.

साकीनाक्याला लेथवर तीस वर्षं गेली. चाळीच्या जागी टॉवर आला. वस्तू मात्र पलंगाखाली दोन पत्र्याच्या पेट्यांत होत्या तशाच राहिल्या. दर खंडेनवमीला पेट्या उघडायच्या आणि ढालींना हळदकुंकू लावायचं. लोक आपापली हत्यारं पुजतात. सहदेव दुसऱ्यांचे पराक्रम पुजायचा.

अंधेरीच्या नव्या क्रीडा संग्रहालयातून शर्मिष्ठा नावाच्या बाईंचा फोन आला. वस्तू वर्षभरासाठी उसन्या हव्या होत्या. आधी घरी येऊन प्रत्येकीची अवस्था लिहून घेणार होत्या.

"काका, आम्ही येतोय म्हणून काही करू नका," त्या म्हणाल्या.

आता असं तर येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो. काही करू नका म्हणणाऱ्यासमोर नुसता चहा ठेवून बघा. बायकोने, रत्नप्रभाने, पडदे धुतले. सहदेवला वेगळीच काळजी लागली.

पेटीच्या तळाशी त्याचा स्वतःचा बनियन होता. बारा नंबर, पांढरा, स्वच्छ. एक्क्याऐंशीच्या आंतरगिरणी स्पर्धेची फायनल. सात जण मैदानात, पाच बाकावर, आणि त्या पाचांत अगदी टोकाला सहदेव. अडतिसाव्या मिनिटाला एकाचा घोटा मुरगळला. कप्तान दशरथने बाकाकडे हात केला. सहदेव उभा राहिला. तेवढ्यात घोटा मुरगळलेला उठला, आणि सहदेव खाली बसला. त्याची कारकीर्द एवढीच.

खोटं तो कधी बोलला नाही. "फायनलला शेवटच्या दोन मिनिटांत दशाने मला हाक मारली," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघायचा. पुढचं ऐकणारे आपापल्या मनाने खेळायचे. एका भाच्याच्या मते तर मामाने तिघांना लोळवलं होतं. मामाने ते नाकारलंही नाही.

पण बनियनला तोंड नसतं. त्यामुळे त्याला अर्धंच सांगून थांबता येत नाही, तो आख्खा दिसतो. दशरथचा बनियन खांद्याला दोनदा शिवलेला, घामाने पिवळा, मातीने लाल. त्याच्याशेजारी सहदेवचा, जणू शाळेत पहिल्याच दिवशी आलेला मुलगा.

रत्नप्रभा बाजारात गेल्याचं बघून सहदेवने बाल्कनीतल्या कुंडीतून दोन मुठी लाल माती काढली. बनियन अंगात घालून बघितला, तो छातीशीच अडला. मग तो उशीला चढवला, फरशीवर माती पसरली आणि चौसष्टाव्या वर्षी सहदेवने आयुष्यातली पहिली पकड केली. उशीची. उशीने फारसा प्रतिकार केला नाही, तरी तो धापा टाकत होता.

रविवारी सकाळी शर्मिष्ठा आल्या. तिशीची मुलगी, हातात मोजे, पिशवीत भिंग. एकेक वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून लिहीत होत्या. ढालीवरचं हळदकुंकू बघून सहदेव म्हणाला, "पुसून देतो."

"नको काका. दरवर्षी लावता ना, मग ते तिचंच झालं."

मग बारा नंबर आला. त्यांनी भिंग लावलं, चिमट्याने एक तपकिरी धागा उचलला आणि उजेडात धरला.

"काका, तेव्हा मैदानात नारळाचा काथ्या टाकायचे का?"

नर्सरीवाले कुंडीच्या मातीत काय काय मिसळतात हे सहदेवला कोणी सांगितलं नव्हतं.

रत्नप्रभा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "तरीच," ती म्हणाली. "तुळशीची माती कोणी काढल्यान म्हणून मी आठ दिवस मांजराक शिव्या घालतंय."

"रत्ना, चहा ठेव तिथे."

"ठेवतंय. तुमी आधी तिका खरा सांगा."

शर्मिष्ठा हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर सोपं झालं असतं. सहदेवने सांगितलं. उशी वगळून सगळं. चव्वेचाळीस वर्षं राखलेली गोष्ट सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"म्हणजे खेळला नाहीत."

"नाही. हा नेऊ नका. बाकीचं न्या."

"नेते ना. पण माती काढून. आणि ओळख खरी लिहून. चालेल?"

चालेल की नाही, हे सहदेवला कळत नव्हतं. भाचे येणार, भाच्यांची पोरं येणार. तो चालेल म्हणाला. त्यांनी मऊ ब्रशने माती कागदावर झाडली. रत्नप्रभाने तो कागद उचलला आणि तुळशीत रिकामा केला.

महिन्याने पाटीचा मजकूर व्हॉट्सॲपवर आला. 'बनियन क्र. १२. राखीव खेळाडू स. घाडी. अंतिम सामन्यात मैदानात उतरला नाही.' सहदेवने तो चारदा वाचला. खोट काढायला जागाच नव्हती. शेवटी त्याने लिहिलं, 'एकदा उभा राहिला होता, हे घालता येईल का?'

'पुरावा आहे का काका? कोणी साक्षीदार?'

त्याने दशरथला कणकवलीला फोन लावला.

"उभा राहिलास ना," दशरथ म्हणाला. "आणि बसताना पाण्याची कळशी लवंडलीस. पंचांचे बूट भिजले. सगळ्या मैदानाने बघितलं. तुला काय वाटलं, आम्ही विसरलो?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू भाच्यांना सांगत होतास. आम्हाला कुठे सांगत होतास रे?"

सहदेवने हे सगळं शर्मिष्ठांना कळवलं. त्यांनी विचारलं, 'कळशीचंही लिहू?'

अख्ख्या फायनलमध्ये त्याच्यामुळे घडलेली ती एकच गोष्ट होती.

'लिहा,' त्याने टाइप केलं. 'आणि बूट भिजले तेही.'