गाठीच्या दोन सूत वर

आमच्या गल्लीत डेलिया दुसऱ्या वर्षी कधीच फुलला नाही. पहिल्या वर्षी यायचा, अगदी जोरात यायचा. तोंडाएवढं फूल, वाळलेल्या रक्ताचा रंग, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला चुन्याचं बोट लावल्यासारखा पांढरा ठिपका. मग झाड वाळायचं. मास्तरनं सांगितल्याप्रमाणे बाया कंद उपसून लाकडाच्या भुशात ठेवायच्या, पुढच्या हंगामात ओल्या वाळूत मांडायच्या आणि वाट बघायच्या. कंद नुसते पडून राहायचे. कुजायचेही नाहीत. टणक, गुबगुबीत, आणि कोंब म्हणून नाही. मग बाया पुन्हा मास्तरच्या दाराशी, नवी काडी मागायला.

"आलीस? मेलं ना?" मास्तर उंबऱ्यात उभी राहून म्हणायची. "साधं पाणी घालता येत नाही तुला. नवऱ्याला जेवायला तरी घालतेस का, की तोही असाच वाळत घातलायस?"

बाकीच्या बाया हसायच्या. पुढच्या वेळी हसणारी बदलायची, इतकंच.

बाई असून तिला मास्तर म्हणायचे, कारण गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापणीच्या टेबलावर होती. ते टेबल पुरुषांचं. शिलाईला बाया, कापायला बाप्ये, असा तिथला कायदा. ही त्यात घुसली आणि टिकली. कापडाचे थर एकावर एक रचून, खडूच्या रेघेवरून तिची कात्री अशी जायची की खालच्या थराला वरच्या थराची खबर नसायची. तिची भाषा सुताची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सूतभर चुकलीस की बाही बसत नाही, आणि बाही बसली नाही की माणूस गबाळा दिसतो," असं ती नव्या पोरींना सुनवायची आणि मग त्यांनी कापलेलं त्यांच्याच अंगावर फेकायची.

तर डेलियाची गोष्ट. कंदाच्या मानेवर कोंब फुटतात. बोटभर झाले की कापायचे, वाळूत रुजवायचे, वर प्लास्टिकची पिशवी घालून खिडकीत ठेवायचे. कुणालाही जमतं. पण कापायचं कुठं, त्यात सगळं आहे. पानांची जोडी देठाला जिथं चिकटते तिथं गाठ असते. त्या गाठीत डोळे झोपलेले असतात. गाठीच्या खाली कापलं की गाठ मातीत जाते आणि पुढं जो कंद धरतो त्याला डोळे येतात. तो दर वर्षी फुटतो. गाठीच्या वर कापलं तरी मुळं येतात, झाड वाढतं, फूल येतं, कंदही धरतो. पण आंधळा. एक वर्ष नाचतो आणि संपतो.

मास्तर लोकांना काडी द्यायची ती गाठीच्या दोन सूत वर कापून. आणि देताना मायेनं सांगायची, "खोल लावू नकोस हं, कुजेल. नुसता तळ टेकव." खोल लावलं असतं तर वरची गाठ मातीत गेली असती आणि तिची सगळी कारागिरी पाण्यात.

लोक मला विचारतात, ती अशी का होती? पोटाला चिमटा काढून जगलेली बाई, वगैरे. अशी कारणं मी रोज चौकात उभी राहून सांगते, संघटनेचं काम करणारीचा धंदाच तो. हिच्यासाठी नाही सांगणार. तिला लोक आपल्या दाराशी उभे राहिलेले आवडायचे. बस.

झाड मूळचं तिच्या सासूचं. सासू गेली, घराच्या वाटण्या झाल्या, दोन भाऊ वेगळे झाले. मोठ्याची बायको मास्तर, तिनं कंदांचं खोकं आधीच स्वतःच्या पलंगाखाली सरकवून ठेवलेलं. धाकट्याच्या बायकोला सगळे धाकटीच म्हणायचे. तिनं भांडी मागितली नाहीत, पलंग मागितला नाही. "आईंच्या झाडाची एक काडी द्या ताई," एवढंच म्हणाली. सगळ्या नातेवाइकांसमोर मास्तरनं कात्री काढली, काडी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. सगळे म्हणाले, मोठीचं मन मोठं.

धाकटीला मूल नव्हतं. होऊन गेलेली होती, राहिलेलं एकही नव्हतं. दुसऱ्या वर्षी तिच्या कंदांना कोंब आला नाही तेव्हा पाण्याच्या नळावर, बादल्यांच्या रांगेत, मास्तर मोठ्यानं म्हणाली, "पोटात काही रुजेना, आता कुंडीतही रुजेना. हातच तसला."

बाया हसल्या. कोण कोण हसलं ते मला ठाऊक आहे. त्यातल्या कितीजणी आज मोर्चात माझ्या पुढं असतात आणि माझ्यापेक्षा जोरात ओरडतात.

धाकटी दर वर्षी पुन्हा काडी मागायला गेली. आपल्या हातात दोष नाही हे तिला एकदा दाखवून द्यायचं होतं. दर वर्षी मास्तरनं दिली, चारचौघींसमोर, गाठीच्या दोन सूत वर. दर वर्षी झाड फुललं आणि मेलं. धाकटीचा नवरा जेवताना ताटाकडं बघत म्हणायला लागला, "वहिनी खोटं बोलत नाहीत. तुझा हातच तसला." पुढं तो ताट सरकवून उठायला लागला. त्याच्याही पुढं तो दुसरीकडं जेवायला लागला, आणि परत आलाच नाही. धाकटी एक खोली घेऊन राहिली आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करायला लागली. आमच्या घरकामगार बायांच्या संघटनेत ती तिथून आली. सभेत बसायची, बोलायची नाही.

मधल्या काळात कारखान्यात कापणीचं यंत्र आलं. कापणाऱ्यांना घरी बसवणार म्हणून आम्ही फाटकावर बसलो. मास्तर पहिल्या दिवशी सगळ्यात पुढं, तोंडाचा पट्टा सुरू. पुढच्याच आठवड्यात मी तिला मालकांच्या बंगल्याच्या मागच्या दारातून बाहेर पडताना बघितलं. हातात रिकामी पिशवी. मालकीणबाईंना डेलिया देऊन आली होती. तिथं मात्र गाठीच्या खाली कापलेला, एक नंबरचा, मुळं धरलेला. आपल्यातल्या बायांना आंधळा आणि तिकडं डोळस. मी फाटकावरच तिचा उद्धार केला. ती म्हणाली, "तू भाषणं कर. मला नोकरी हवीय." यंत्र बसलं तशी पुढच्या वर्षी तिलाही काढली. मालकीणबाईंचा डेलिया मात्र फुलत राहिला.

आणि त्या बंगल्यात भांडी घासायला होती धाकटी.

एक दिवस मालकीणबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत झाडाचे शेंडे खुडत होत्या. खुडता खुडता म्हणाल्या, "तुमच्या भागातल्या त्या मास्तर फार पोचलेल्या बाई. मला सगळं शिकवून गेल्या. गाठीखाली कापायचं. वर कापलं की एका वर्षाचा तमाशा. म्हणाल्या, गल्लीत मी वरचंच देते बाई, नाहीतर उद्या मला विचारील कोण?" आणि खूप हसल्या.

धाकटीनं हातातलं पातेलं घासून पूर्ण केलं. विसळलं, पालथं घातलं. कचऱ्याच्या डब्यातून खुडलेला एक शेंडा काढून ओच्यात टाकला. घरी येऊन गाठीच्या खाली कापला आणि रुजवला. हे तिनं मला सांगितलं तेव्हा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मीच टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, चल, आत्ता गल्लीत उभी करते तिला. धाकटी म्हणाली, "नको. ती येईल."

आणि ती आली.

झालं असं की मास्तर म्हातारपणी जवळच मुलाकडं राहायला गेली. सून केस कापायच्या दुकानात काम करणारी, हात हलका, तोंड मोकळं. हिचं पहिल्या दिवसापासून, "केस भादरणारीला काय कळतंय कापण्यातलं." कंदांचं खोकं उघड्यावर होतं. सून एकदा सहज म्हणाली, "आई, यातला एक कंद माझ्या आईला देऊ का?" बस. मास्तरनं त्याच दिवशी सगळे कंद गोळा केले, नुकते उपसलेले, ओलसर, अजून सुकलेलेही नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्यांत करकचून बांधले, लोखंडी पेटीत घातले, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. हंगामात पेटी उघडली तेव्हा आत काळा चिखल होता. घरभर वास सुटला. एकही कंद राहिला नाही. त्याच वर्षी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. कपबशी हातात घेतली की वाजत राहायची.

त्या वर्षी गल्लीतल्या बाया आल्या, रिकाम्या हातानं गेल्या. मग यायच्याच थांबल्या. फूल नसलं तर त्या तोंडाशी कोण जाईल? मास्तर खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायची आणि लोक चपला पायात नीट करत पुढं निघून जायचे. असं तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं. झाड परत मिळालं नाही तर ती संपली, हे तिला कळलं होतं. नोकरीवरून काढल्यापासून बंगल्याचं फाटकही तिला बंद होतं. कुठूनतरी तिला समजलं की धाकटीच्या खिडकीत डेलिया आहे. ती माझ्याकडं आली. "तू चल. तुझं ऐकते ती."

मी गेले. खरं सांगायचं तर बघायला गेले.

धाकटीची खोली एवढीशी. खिडकीत तेलाच्या डब्यांत डेलियाची रोपं, एकसारखी, तजेलदार. मास्तर खाटेवर बसली.

"कशी आहेस धाकटे?"

"आहे की. रुजलेय."

"आईंचं झाड आहे म्हणे तुझ्याकडं."

"आहे ना. कचऱ्यातून आणलं. तुम्ही दिलेली सगळी मेली ताई. माझा हातच तसला."

मास्तरनं खिडकीतल्या रोपांकडं बघितलं. मग म्हणाली, "माझे कंद गेले. एक काडी दे."

"बसून मागताय?" धाकटी चहाचं आधण ठेवत म्हणाली. "आम्हाला कधी बसवलंत?"

मास्तर उठली. हात थरथरत होता म्हणून दुसऱ्या हातानं भिंत धरली. "दे."

धाकटीनं पातं घेतलं, पुसलं. सगळ्यांत चांगला कोंब निवडला. पात्याचं टोक गाठीवर टेकवलं. "ही ना गाठ, ताई? तुमची नजर आता कमी झाली असेल, नीट बघा." मग पातं सावकाश वर नेलं, दोन सूत, आणि कापलं. ओल्या फडक्यात गुंडाळून हातात दिलं.

"खोल लावू नका हं. कुजेल. नुसता तळ टेकवा."

चहाचं आधण उकळत होतं. तिनं ते उतरवलं आणि मोरीत ओतून दिलं.

मला मास्तरची कीव आली असं वाटत असेल तर चुकताय. मला गार वाटलं. पण जिना उतरून खाली आलो तशी मास्तर हसायला लागली. "मूर्ख ती मूर्खच. तिला वाटलं, संपवलं मला. अगं, या रोपाला वर फांद्या फुटतील की नाही? त्यातली एक गाठीखाली कापली की माझं झाड परत माझं. हे तिला कुठं माहीत? कुण्णाला माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही."

काडी रुजली. रोपाला फांद्या फुटल्या. पुढचं मला सुनेनं सांगितलं, माझे केस कापता कापता.

मास्तर खिडकीशी कात्री घेऊन बसली. पहिली फांदी चेंगरली. दुसरीची गाठच उभी चिरली. तिसरी बुडातून मोडून हातात आली. जिच्या रेघेवर सगळा कारखाना उभा होता, तिला बोटभर फांदी कापता येईना. शेवटची एक राहिली. सून शेजारी येऊन उभी राहिली. "द्या आई, मी कापते. नुसतं कुठं कापू ते दाखवा."

मास्तर तिच्याकडं बघत राहिली. सुनेचा हात स्थिर, कात्री धारदार, वेळ होता, फांदी होती. दोन शब्द हवे होते.

"गाठीच्या वर," मास्तर म्हणाली. "दोन सूत वर काप. आणि खोल लावू नकोस."

सुनेनं अगदी सांगितल्याप्रमाणे कापलं. "एवढं सरळ कापलं ना मी," ती आरशातून मला म्हणाली, "की आई बघतच राहिल्या." मी आरशातल्या तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं सांगून टाकलं. तिची कात्री माझ्या कानाशी थांबली. पण तेव्हा हंगाम उलटून गेला होता, धाकटीकडचं आणि सुनेनं लावलेलं, दोन्ही झाडं फुलून वाळली होती आणि कंद भुशात गेले होते.

तरी पुढच्या हंगामात सुनेनं ते ओल्या वाळूत मांडले. रोज पाणी शिंपडायची, रोज वाकून बघायची. मास्तर खाटेवरून बघायची, एक अक्षर बोलायची नाही. कंद टणक, गुबगुबीत, तसेच.

परवा मी त्या रस्त्यानं जात होते. खिडकीखाली शेजारची एक बाई अडकली होती, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत, निघायची वाट शोधत. वरून मास्तरचा आवाज येत होता, कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा खणखणीत.

"सासूबाईंच्या वेळचं झाड ते. इतकी वर्षं सांभाळलं मी. हिच्या हातात दिलं आणि मेलं. हातच तसला."