काशीला काय सोडलंत?

सिगरेट कशी सोडावी हे आमच्या भावोजींइतकं नीट समजावून सांगणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, आणि ते समजावून सांगताना त्यांच्या हातात सिगरेट नाही असंही सहसा घडलेलं नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण त्यांना अर्धीच लागू पडते, कारण त्यांचं ब्रह्मज्ञान लोकांना खरोखर गुण द्यायचं. कल्याणला त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची सिगरेट त्यांनी सोडवली, तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांची सोडवली, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याची बिडी तर अशी सोडवली की भावोजींना पाकीट देताना तोच त्यांना सुनवायला लागला, "काका, ये अच्छी चीज नहीं है." मग तुम्ही स्वतः का सोडत नाही, असं कुणी विचारलं की ते धूर वर सोडून शांतपणे म्हणत, "पोहायला शिकवणाऱ्याला पाण्यात उतरावंच लागतं."

नोकरी त्यांनी केली आंबिवलीच्या एका कारखान्यात, आणि तीही सेफ्टी खात्यात. ‘धूम्रपान सक्त मनाई’ असे बोर्ड जागोजागी लावून घेणं हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं चोख केलं की त्यांच्या काळात कारखान्यात साधी काडी पेटली नाही. फक्त गेटाजवळचा बोर्ड कुठे ठोकायचा यावर त्यांनी बराच विचार केला होता, आणि शेवटी तो अशा जागी ठोकून घेतला की बाहेरचं गुलमोहराचं झाड बरोबर हद्दीपलीकडे राहिलं. त्या झाडाखाली दिवसातून कितीदा तरी जाऊन ते उभे राहत. निवृत्तीच्या समारंभात मॅनेजर म्हणाले की यांच्याइतकी कारखान्याची हद्द कुणालाच पाठ नव्हती. टाळ्या सर्वात जास्त भावोजींनीच वाजवल्या.

माणूस सिगरेट का ओढतो याबद्दल त्यांचं एक मत आहे आणि मला ते अजूनही खोडता आलेलं नाही. ते म्हणतात, निकोटिन वगैरे नंतर येतं. मुळात आपल्याकडे माणसाला नुसतं उभं राहायची सोय नाही. त्यांनी एकदा मुद्दाम प्रयोग केला. संध्याकाळी सोसायटीच्या फाटकाशी रिकाम्या हाताने जाऊन उभे राहिले. पहिल्यांदा वॉचमनने विचारलं, रिक्षा बोलावू का? मग वकील थांबले, "काय हो, कुणाची वाट बघताय?" मग तळमजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून, "बरं वाटत नाहीये का? वहिनींना हाक मारू?" शेवटी वैतागून त्यांनी सिगरेट पेटवली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव शांत झाला. "बघ मेव्हण्या," ते मला म्हणाले, "हातात सिगरेट असली की तो माणूस सिगरेट ओढतोय. नसली तर त्याचं काहीतरी बिनसलंय. आता विचार करायला पाच मिनिटं हवी असतील तर माणसाने काय करावं?"

यावर ताईकडे उत्तर होतं. तिच्याकडे सगळ्यावरच उत्तर असायचं. लग्न झाल्यापासून तिने भावोजींच्या सिगरेटवर जेवढं बोलून ठेवलंय तेवढं दुसऱ्या कशावर बोललेली मी ऐकली नाही. सकाळी पहिल्या चहाबरोबर, "अहो, उपाशीपोटी तरी नको." जेवणानंतर, "आत्ता तर घास गिळलात." पाहुण्यांसमोर आवाज खाली, पण धार तीच. खिसे तपासणं, पाकीट डाळीच्या डब्यात लपवणं, मग स्वतःच ते विसरून आमटीला तंबाखूचा वास येणं, हे सगळं झालं. भावोजींनीही आपल्या बाजूने कमी केलं नाही. बडीशेप खाल्ली, लवंग चघळली, जवळच्या टपरीवर जायचंच नाही असं ठरवून सुटी सिगरेट घ्यायला पार शिवाजी चौकापर्यंत चालत गेले. त्याने सिगरेट काही सुटली नाही, पण साखर आटोक्यात आली. ताई कानीकपाळी ओरडायची, ते मान डोलवायचे, आणि दोघांचा दिवस त्यावर छान चालायचा. मला तर वाटायचं की गॅलरीत जाऊन काडी ओढल्यावर आतून ताईचा आवाज येईपर्यंत ते पहिला झुरकाच घेत नसावेत.

ही सवय लागली कशी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. वडील गेले तेव्हा ते कॉलेजात होते. स्मशानात सगळं आटपेपर्यंत बाकावर बसलेले, आणि कुणीच त्यांच्याशी बोलत नव्हतं, कारण अशा वेळी मुलाशी काय बोलायचं ते कुणालाच सुचत नाही. मग त्यांचे एक काका शेजारी येऊन बसले, आणि स्वतः पेटवलेली सिगरेट त्यांच्याकडे धरली. म्हणाले, "घे. बरं वाटेल." भावोजी म्हणाले, "बरं काही वाटलं नाही रे, ठसकाच लागला. पण त्या दिवशी माझी विचारपूस करणारी तेवढी एकच वस्तू होती." त्यांच्या सिगरेटला मी त्यानंतर फारसं हसलो नाही.

तर अशात ही दोघं काशीला गेली. आपल्याकडे काशीला गेलं की गंगेत उभं राहून एखादी आवडती गोष्ट सोडायची पद्धत आहे. एकदा सोडलं की ते जन्मात परत घ्यायचं नाही. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं. भावोजी निघाले तेव्हा आम्हा सगळ्या नातेवाइकांच्या मनात एकच गोष्ट होती, कारण निघण्याआधी महिनाभर त्यांचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला होता, त्याचा रिपोर्ट ताई एकटीच जाऊन घेऊन आली होती. काही निघालं नाही असं तिने सांगितलं, पण आता पुरे करा, असा डॉक्टरांचा निरोप होता. ते परत आल्यावर गंगेचं पाणी घ्यायला आम्ही जमलो, आणि मी विचारलं, "भावोजी, काशीला काय सोडलंत?" ते धीरगंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पडवळ." भावोजींनी उभ्या जन्मात पडवळ खाल्लेलं नाही. लहानपणी आईने कोंबलं तेवढंच. "अहो, पण आवडती गोष्ट सोडायची असते ना?" मी म्हटलं. "देवाला काय माहीत मला काय आवडतं?" ते म्हणाले, आणि गॅलरीत गेले. ताईला विचारलं तर म्हणाली, "माझं सोडलेलं मी सांगणार नाही." आम्ही समजलो, खरवस असणार.

त्यानंतर काही आठवड्यांनी भावोजी न कळवता आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी आले. कधी चहा नाकारत नाहीत, त्या दिवशी नाकारला. म्हणाले, "तुझी ताई बोलत नाही." मी म्हटलं, भांडण झालं का? "छे रे. भाजी, लाइट बिल, शेजारीपाजारी, सगळ्यावर बोलते. सिगरेटवर बोलत नाही." मला हसू आलं. ते हसले नाहीत. त्यांनी काय काय करून पाहिलं होतं ते सांगायला लागले. उपाशीपोटी ओढली, ताईने फक्त चहा पुढे केला. मुद्दाम खोकून पाहिलं, तिने पाणी आणून दिलं. शेवटी हद्द झाली, हॉलमध्ये सोफ्यावर बसून पेटवली, तर ती आतून एक बशी घेऊन आली आणि राख पाडायला समोर ठेवून गेली. "बशी ठेवली रे तिने," भावोजी म्हणाले. "मेव्हण्या, तो रिपोर्ट ती एकटी घेऊन आलेली. डॉक्टरने तिला काहीतरी सांगितलंय. जाणाऱ्या माणसाला कुणी टोकत नाही. जे हवं ते करू देतात." एवढा दुसऱ्यांना धीर देणारा माणूस, पण खिशात पाकीट असूनही त्याचा हात तिकडे जात नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी कल्याण गाठलं. भावोजी बँकेत गेल्याचं बघून ताईला सरळ विचारलं. ती इतकी हसली की पदराने डोळे पुसायला लागले. कपाटातून तिने रिपोर्ट काढून दिला. छाती स्वच्छ होती. "मग तू बोलायचं का बंद केलंस?" मी म्हटलं. तिने गवार मोडायला घेतली. "अरे, गंगेत उभी राहिले. आवडतं काहीतरी सोड म्हणाले गुरुजी. फळ आठवेना, भाजी आठवेना. मला खायचं असं वेड कधी नव्हतंच. मग वाटलं, इतकी वर्षं रोज न चुकता मी काय करते? यांना बोलते. त्याच्याशिवाय माझा दिवस जात नाही. मग तेच सोडलं." मी म्हटलं, "आणि त्यांनी सिगरेट सोडावी म्हणून काही मागितलंस?" "मागितलं," ती म्हणाली. "पण देवाकडे. त्यांच्याकडे मागून झालं होतं."

हे सगळं मी भावोजींना खाडीकाठच्या बाकावर बसवून सांगितलं. रिपोर्ट पाहून त्यांच्या जिवात जीव आला. दोनदा वाचला, वर "बघ, मी म्हणत नव्हतो?" असंही म्हणाले. पण पुढचं ऐकल्यावर मात्र त्यांनी रिपोर्टाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग म्हणाले, "तिने हे सोडलं, आणि मी पडवळ." एवढंच. मला वाटलं आता ते पाकीट खाडीत भिरकावतील. पण भावोजी तसे नाटकी नाहीत. त्यांनी एक सिगरेट काढली, पेटवली आणि अर्ध्यात विझवली. म्हणाले, "हिला काही चवच राहिली नाही रे. कुणी नको म्हणत नाही."

सोडणं मात्र काही सोपं गेलं नाही. सेक्रेटरींना आणि वकिलांना सांगितलेलं सगळं ज्ञान स्वतःवर चालवताना त्यांच्या नाकी नऊ आले. डॉक्टरांनी निकोटिनची च्युइंगगम दिली, ती ते सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून रवंथ केल्यासारखी चघळत. रात्री झोप लागेना, चिडचिड व्हायला लागली, एकदा वॉचमनवर विनाकारण ओरडले आणि मग जाऊन त्याची माफी मागितली. मित्राच्या मुलाच्या लग्नात एक ओढली. घरी येऊन आपणहून ताईला सांगितलं, आता तरी ती ओरडेल या आशेने. ताई म्हणाली, "जेवण कसं होतं?" त्या दिवशी त्यांनी मला फोन केला. "अरे, शिवी तरी द्यावी तिने," ते म्हणाले. पुन्हा नव्याने सुरुवात केली. टपरीवाल्याने त्यांना पाकीट देणंच बंद केलं. पावसाळा गेला, नवरात्र गेलं, आणि हळूहळू खोकला थांबला. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती, शाबासकीचा एक शब्द, आणि तो देऊ शकेल असं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाला तो विषयच वर्ज्य होता.

भाऊबीजेला मी कल्याणला गेलो. ताईने ओवाळलं. मी पैशांचं पाकीट पुढे केलं, तर तिने ते बाजूला ठेवलं. "यंदा ओवाळणी वेगळी हवी," ती म्हणाली. "त्यांना माझा एक निरोप सांग. मी त्यांना बोलायचं सोडलंय, तुला नाही." भावोजी गॅलरीच्या दाराशीच पेपर घेऊन बसले होते. दोन खोल्यांच्या घरात हे त्यांना ऐकू न जाणं शक्यच नव्हतं. पण ते मुळीच वळले नाहीत. ताईने आवाज जरासुद्धा खाली न आणता निरोप सांगितला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "म्हणाली, चांगलं केलंत." "ते राहू दे. पुढचं सांग." मी सांगितलं, "हेच आधी केलं असतंत तर माझा अर्धा जन्म या दाराशी ओरडण्यात गेला नसता." त्यांनी डोळे मिटले. "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. "तुझं चुकतंय," ते म्हणाले, "ती जोर ‘जन्म’वर देते." आणि मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "महिन्यातून एकदा येत जा रे. तिचं काही सांगायचं असेल तर."

तेव्हापासून मी जातो. ताईकडे सांगण्यासारखं अजून खूप आहे, आणि मी तो एकेक शब्द जपून त्या दारापर्यंत नेतो. पण तो माझ्या आवाजातच पोचतो, आणि ऐकताना भावोजी बघत असतात ते स्वयंपाकघराकडे.